पाठराखिणींचा दिवस

पहाटे ४.५०

गजर पाचचा असतो, पण मे महिन्यात तो वाजायची वेळच येत नाही. उकाड्याने जाग आधीच येते. अंधारातच चहा टाकते, थर्मासमध्ये भरते आणि फ्रीजवर चिकटवलेली चिठ्ठी पुन्हा वाचते: पहाटे पानं-फळं, नऊला सोयाबीन, बाराला आरएनए, दोनला पुन्हा पानं-फळं, पाचला मशीन.

पुण्याबाहेरच्या एका संस्थेत, वनस्पतींच्या जनुकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे. ऊन चढलं की टोमॅटोचं झाड काही खास जनुकं चालू करतं. फळ पिकायला लागलं की त्यातलीच काही जनुकं उन्हाचा पत्ता नसतानाही चालू होतात. हे हुकूम देतं कोण आणि मागे घेतं कोण, एवढाच माझा विषय. आई तो याहून थोडक्यात सांगते: "हिला टोमॅटो पिकताना बघायचा पगार मिळतो."

५.३०

इमारतीच्या मागे आमचा लहानसा प्लॉट आहे. बांबू, तार आणि सुतळीवर चढवलेले टोमॅटो. सुमनमावशी माझ्या आधी हजर असतात. रात्री ठिबक नीट चाललं का, ते त्या नळ्या बोटांनी चाचपून बघतात. मीटर असतं, पण मावशींचा मीटरवर विश्वास नाही.

हवा २३ अंश. सूर्य वर यायच्या आत नमुने घ्यायचे, कारण दिवसभराच्या सगळ्या मोजमापाचा पाया हाच. रात्रभर विसावलेल्या झाडात उष्णतेची जनुकं जवळजवळ गप्प असतात. दुपारचा गलबला किती मोठा, हे या शांततेशी ताडूनच कळतं.

लिक्विड नायट्रोजनचा कॅन आम्ही दोघी मिळून बांधावर ठेवतो. आत उणे १९६ अंश. फॉइलच्या पुड्यांवर काल रात्रीच मार्करने नावं घातली आहेत. पान खुडायचं, पुडीत घालायचं, दुमडायचं, कॅनमध्ये सोडायचं. चर्र आवाज होतो, पांढरी वाफ उठते आणि त्या पानातला तो क्षण तिथेच गोठतो. खुडण्यापासून गोठण्यापर्यंत दहा सेकंद. फळांच्या सालीची पातळ फोड ब्लेडने काढायची, तीही तशीच. पक्व हिरवं, नुकता रंग फुटलेलं आणि पूर्ण लाल, असे तीन टप्पे.

ही घाई मी स्वतःच्या चुकीतून शिकले. गेल्या वर्षी पहाटेची पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधावर ठेवली आणि पुड्या शोधायला आत गेले. परत यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात पिशवीवर ऊन आलं होतं. पंधरा दिवसांनी निकाल बघते तर पहाटेची 'निवांत' पानं दुपारच्या पानांइतकीच पेटलेली. खुडलेलं पानसुद्धा जिवंत असतं, त्याला चटका कळतो आणि काही मिनिटांत त्याची जनुकं धावायला लागतात. पंधरा दिवसांचं काम गेलं. मात्र ही जनुकं किती तत्पर आहेत, ते कुठल्याही पुस्तकापेक्षा पक्कं कळलं.

७.१५

पुड्या उणे ८० च्या फ्रीजरमध्ये गेल्या. कँटीनमध्ये पोहे येईपर्यंत आबांचा फोन. जुन्नरकडे आमचा अर्धा एकर उन्हाळी टोमॅटो आहे. माल नारायणगावच्या बाजारात जातो.

"अगं, माल पिवळाच राहतोय. वरच्या अंगाला तर लालीच धरत नाही. व्यापारी क्रेट बाजूला काढतोय."

"आबा, पाला किती काढलात?"

"काढला थोडा. हवा खेळावी म्हणून."

"मग फळ उघड्यावर आलं. पाला राखा. आणि रंग फुटला की तोडून सावलीत ठेवा, झाडावर लाल व्हायची वाट बघू नका."

टोमॅटोचा लाल रंग म्हणजे लायकोपीन. साधारण ३० ते ३२ अंशांच्या वर फळ तापलं की लायकोपीन बनायचं थांबतं, पिवळी-नारिंगी द्रव्यं मात्र बनत राहतात. म्हणून मे महिन्यातल्या फळाचे खांदे पिवळे राहतात. तेच फळ रंग फुटताच सावलीत, वीस-पंचवीस अंशांच्या आसपास ठेवलं तर बरंच लाल होतं. आबा म्हणतात, "म्हणजे फळाला ऊन लागतं." लागतंच. आणि लागलेल्या उन्हाला फळ उत्तरही देतं. ते उत्तर शोधण्यातच माझा दिवस जातो.

९.००

सुटीत शिकायला आलेली दोन मुलं दारात उभी आहेत, ओंकार आणि सानिका. त्यांच्या पहिल्या आठवड्यासाठी मी नेहमी सोयाबीनचा प्रयोग ठेवते, कारण तो उघड्या डोळ्यांनी दिसतो.

शनिवारी तीन ट्रेमध्ये ओल्या कागदावर दोन दिवसांचे मोड मांडले. पहिला ट्रे २८ अंशांवरच ठेवला. दुसरा थेट ४५ अंशांत दोन तास. तिसरा आधी ४० अंशांत दोन तास आणि मग ४५ अंशांत दोन तास. नंतर तिन्ही पुन्हा २८ अंशांवर.

आज झाकणं उघडली. पहिल्या ट्रेमधले मोड बोटभर लांब, मूळ सरळ. दुसऱ्यातले होते तेवढेच. टोकं तपकिरी, हात लावला तर बुळबुळीत, वास आंबूस. तिसऱ्यातले पहिल्यापेक्षा आखूड, पण पांढरेशुभ्र आणि वाढते.

"म्हणजे जे जास्त वेळ तापले, तेच जगले?" सानिका विचारते.

हिशेबाने बघितलं तर तसंच आहे. तिसऱ्या ट्रेने एकूण उष्णता जास्त सोसली. पण आधी सोसण्याजोगी, मग मारक. त्या पहिल्या दोन तासांत मोडांनी तयारी केली. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जो की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनवर हेच दाखवलं. ४० अंशांत मोड नेहमीची बरीच प्रथिनं बनवणं आवरतं घेतात आणि एक नवाच संच भराभर बनवतात. त्या संचाला म्हणतात हीट शॉक प्रोटीन, आमच्या बोलण्यात एचएसपी.

आमच्याकडे रोपवाटिकेतून रोप आणलं की लावणीआधी दोन-चार दिवस पाणी कमी करून, उघड्यावर ठेवून ते 'कणखर' करतात. त्यात उन्हाबरोबर पाण्याचा ताणही येतो, पण अंगात मुरलेला अनुभव तोच: एकदम आगीत लोटू नका, आधी धग दाखवा.

१०.३०

फळ्यासमोर. मुलांना नावाची गोष्ट आधी सांगते, कारण सगळा घोटाळा नावात आहे.

इटलीत फेरुच्चो रितोसा नावाचे शास्त्रज्ञ फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. कुणीतरी इनक्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं होतं. त्या ग्रंथींच्या गुणसूत्रांवर नेहमी नसणारे फुगवटे दिसले. फुगवटा म्हणजे तिथलं जनुक कामाला लागल्याची खूण. १९६२ मध्ये त्यांनी ते छापलं. प्रथिनं हाती लागली १९७४ मध्ये. शोध उष्णतेने लागला, म्हणून नाव उष्णतेचं पडलं. पुढे कळलं की थंडी, जखम, दुष्काळ, जड धातू यांनीही यातली काही जनुकं जागी होतात. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

"पण ही करतात काय?"

प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेली लांब माळ. घडी बरोबर असेल तर काम होतं. तापलं की घडी सुटते, सुटलेले धागे एकमेकांत अडकतात, गोळा होतो. अंडं उकडताना तेच होतं. एचएसपी सुटू पाहणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवतात. इंग्रजीत त्यांना शॅपेरॉन म्हणतात. मी मुलांना सांगते, आपल्याकडे याला जुना शब्द आहे: पाठराखीण. नवरीबरोबर सासरी जाणारी. ती स्वतः संसार मांडत नाही. नवी नवरी बावरू नये, एवढंच तिचं काम.

या पाठराखिणींची नावं वजनावरून आहेत. एचएसपी-७० म्हणजे सुमारे ७० हजार डाल्टन. १०१, ९०, ६०, आणि मग धाकट्या, साधारण १५ ते ४० हजारांच्या. वनस्पतींत या धाकट्यांचा गोतावळा फार मोठा. पेशीद्रवात वेगळ्या, हरितलवकात वेगळ्या. झाडाला उठून सावलीत जाता येत नाही, म्हणून असेल. धाकट्या सुटत्या प्रथिनाला नुसतं धरून ठेवतात. एचएसपी-७० ऊर्जा खर्चून पुन्हा घडी घालते. आणि गोळा झालाच तर एचएसपी-१०१ त्यातून एकेक धागा ओढून काढते. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, पण पेशीत थोडंफार तसं घडतं.

आता हुकमाकडे. टोमॅटोत या जनुकांना जागं करणारी वीसहून जास्त प्रथिनं आहेत. फळमाशीत असं एकच असतं. त्या विसांतलं मुख्य एचएसएफ-ए१. ते माझ्या लेखी दवंडीवाला. एरवी सकाळच्या गारव्यात एचएसपी-७० आणि ९० त्यालाच धरून बसलेल्या असतात, म्हणून तो गप्प. ऊन चढलं, पेशीत घड्या सुटायला लागल्या की या दोघी हातातलं टाकून तिकडे धावतात. दवंडीवाला मोकळा होतो. तिघे-तिघे मिळून ते केंद्रकात शिरतात आणि एचएसपी जनुकांच्या दारावर कोरलेली खूण शोधतात. जीएए ही तीन अक्षरं, सुलट आणि उलट, पुन्हा पुन्हा. तिथे बसले की जनुक चालू. त्यांच्या दवंडीने एचएसएफ-ए२ नावाचा मदतनीसही तयार होतो, आणि लागोपाठच्या उन्हात तो साचत जातो.

"आणि थांबतं कधी?" ओंकार विचारतो. हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला आवडतो.

पाठराखिणी पुरेशा झाल्या की. काम संपलं, हात रिकामे झाले की त्या परत दवंडीवाल्याला धरतात. कितीजणी हव्यात हे मोजणारा वेगळा कारकून पेशीत नाही. ज्या मदतीला धावतात, त्याच नंतर हुकूम आवरतात.

सगळे दवंडीवाले सारखे नाहीत, याचा पुरावा टोमॅटोवरच मिळाला. जर्मनीत फ्रँकफर्टच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की ए१ दाबून टाकलेली टोमॅटोची झाडं एरवी धडधाकट वाढतात. उष्णता दाखवली की मात्र ना पाठराखिणी तयार होतात, ना ते झाड तगतं, ना त्याची फळं. बाकीचे वीस असूनही ए१ ची जागा कुणी घेऊ शकत नाही.

१२.००

आता हाताचं काम. जानेवारीत गोठवलेल्या फळांतून आरएनए काढायचं आहे. मुद्दाम जानेवारीतली, कारण तेव्हा उन्हाची सबब नव्हती.

जनुक चालू आहे की नाही, हे त्याच्या आरएनएवरून कळतं. जनुक म्हणजे कपाटातली मूळ वही आणि आरएनए म्हणजे कामासाठी काढलेली नक्कल. किती नकला निघाल्या ते मोजायचं. आणि या नकला फार नाजूक. आपल्या घामात, बोटांवर, श्वासात त्यांना खाणारी द्रव्यं असतात. म्हणून दोन हातमोजे, तोंडाला मास्क, आणि काम चालू असताना बोलायचं नाही.

खल-बत्ता नायट्रोजनने गार करून घ्यायचा. गोठलेली फोड टाकली की खडीसारखी वाजते. दोन-चार दणके, मग गोल गोल घोटायचं, अधूनमधून नायट्रोजन ओतत राहायचं. हिरव्या फळाची पूड पोपटी होते, लाल फळाची गुलाबी, रांगोळीसारखी. वितळायच्या आत ट्रायझॉल नावाच्या द्रावणात. मग क्लोरोफॉर्म, सेंट्रिफ्यूज; नळीत तीन थर दिसतात. वरचा पाण्यासारखा थर तेवढा अलगद उचलायचा. मधल्या पांढऱ्या थराला टोक लागलं की नमुना बिघडला.

लाल फळ छळतं. त्यात साखर आणि सुटलेलं पेक्टिन इतकं की वरचा थर काकवीसारखा चिकट येतो. पिकणं म्हणजे पेशींच्या भिंतींतलं पेक्टिन तुटणं, आणि तेच माझ्या नळीत येऊन बसतं. म्हणून लाल फळाला एक धुणं जास्त.

१.१५

डबा. पोळी, गवार, ताक. पंखा गरम वारा फेकतोय. दहा मिनिटं डोळे मिटते.

२.००

दिवसातला सगळ्यात कठीण अर्धा तास आणि सगळ्यात मोलाचाही. डोक्याला ओढणी, हातात इन्फ्रारेड थर्मामीटर. हवा ३९ अंश.

पाणी मिळालेल्या ओळीतलं पान ३५ दाखवतं. हवेपेक्षा गार. पर्णरंध्रांतून वाफ सोडून ते स्वतःला वाळ्याच्या पडद्यासारखं थंड करतंय. शेजारच्या ओळीचं पाणी आम्ही मुद्दाम दोन दिवस तोडलंय. तिथलं पान खाली लोंबतंय, रंध्रं मिटलेली, ४२ अंश. ऊन तेच, फक्त पाण्याचा फरक. आता उघड्यावरच्या फळावर नेम धरते: सालीचा आकडा ४७. पाल्याआडच्या फळाची साल ३७. टोमॅटोच्या फळाला रंध्रंच नसतात. त्याला घाम येत नाही; ते दगडासारखं तापतं. सकाळी आबांना जे सांगितलं, ते इथे आकड्यात दिसतं.

"ताई, फूल बघा." सुमनमावशी एक घोस उचलून दाखवतात. देठाच्या गाठीशी फूल पिवळं पडून गळालेलं. खाली मातीत तसली आणखी वीस-पंचवीस.

झाडाचा सगळ्यात हळवा भाग परागकण. पान ४० अंश निभावून नेतं, पण परागकण तयार होत असताना चार-सहा दिवस तापमान पस्तिशीच्या आसपास राहिलं तरी ते वांझ निघतात. फळ धरत नाही. मावशींच्या भाषेत, "झाड हिरवंगार, पण पोटी काही नाही."

पुड्या, चर्र, वाफ. पानं, फुलं, फळं. बावीस पुड्या होईपर्यंत माझ्या पायाला चटके बसतात आणि मावशी मला दटावतात, "चपला कसल्या घातल्यात? बूट कुठंयत?"

या पानांत आत्ता काय चाललंय ते मला न बघताही माहीत आहे. सकाळी अकरापासून दवंडी पिटली जातेय. पहिल्या नकला काही मिनिटांत निघाल्या, एक-दोन तासांत कळस झाला. संध्याकाळी गारवा आला की नकला भराभर ओसरतील. प्रथिनं मात्र काही दिवस टिकतील. म्हणून उद्याचं ऊन आजच्या इतकं जड जाणार नाही. एप्रिलपासून हळूहळू तापत गेलेल्या मे महिन्यापेक्षा, पावसाळी हवेनंतर एका दिवसात उसळलेलं ऊन झाडाला जास्त भोवतं, ते याच हिशेबाने.

३.३०

थंड खोली. बाहेरून आलं की इथे स्वर्ग. २ अंशांवर दोन क्रेट ठेवलेत. आज एकविसावा दिवस. दोन्हींत एकाच दिवशी तोडलेली पक्व हिरवी फळं. फरक एवढाच, दुसऱ्या क्रेटमधली फळं थंडीत ठेवण्याआधी ४८ तास ३८ अंशांवर ठेवली होती.

टोमॅटो उष्ण प्रदेशातला. फार थंडीत तो दुखावतो: सालीवर खड्डे, डाग, आणि बाहेर काढल्यावर नीट पिकतच नाही. पहिल्या क्रेटमध्ये तसंच झालंय. दुसऱ्यातली फळं टणक आणि नितळ. इस्राएलच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात हे याच आकड्यांनी दाखवलं आणि कारणही शोधलं. ३८ अंशांत फळात एचएसपी साठतात आणि थंडीत त्या आठवडेच्या आठवडे टिकून राहतात. तापवलेलं फळ लगेच थंडीत न ठेवता चार दिवस साध्या तापमानात ठेवलं, तर प्रथिनं ओसरतात आणि संरक्षणही जातं.

उन्हासाठी आलेल्या पाठराखिणी थंडीतही उभ्या राहिल्या. सानिका वहीत लिहिते: 'नाव चुकीचं आहे?' मी काही बोलत नाही. संध्याकाळ व्हायची आहे.

५.००

क्यूपीसीआर मशीन. पांढरी प्लेट, ९६ खळगे, प्रत्येकात काही मायक्रोलिटर. फळ आणि पान, हिरवं आणि लाल, पहाट आणि दुपार, प्रत्येकाचे तीन-तीन खळगे. मधे कुणी हाक मारली तर कुठल्या खळग्यापर्यंत आले ते विसरायला होतं, म्हणून दारावर पाटी लावते. प्लेट बंद करून मशीनमध्ये सरकवते तोच वीज डुचमळते. यूपीएस किंचाळतो. दोन सेकंद जीव टांगणीला, मग दिवा हिरवा.

पावणेदोन तास. चहा, वहीतल्या नोंदी, उद्याच्या पुड्यांवर नावं.

७.००

पडद्यावर रेघा उठायला लागतात. हे मशीन प्रत्येक चक्राला नकला दुप्पट करतं. ज्या नमुन्यात मुळात नकला जास्त, त्याची रेघ लवकर उठते. एक चक्र आधी म्हणजे दुप्पट, दहा चक्रं आधी म्हणजे १०२४ पट. तापलेल्या पानातली एचएसपी-१७ घराण्याची रेघ नेहमीप्रमाणे घाईघाईने उठते. पहाटेच्या पानाची चाळिसाव्या चक्राच्या जवळ येऊन कशीबशी डोकं वर काढते.

मुलांना मी दुसरी रेघ दाखवते. जानेवारीतलं लाल फळ. त्या आठवड्यात कमाल तापमान तिशीलाही पोचलं नव्हतं. तरीही एचएसपी-२१ ची लाल फळाची रेघ हिरव्या फळाच्या कितीतरी आधी उठली आहे.

यात नवा शोध नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात पिकणाऱ्या टोमॅटोत वाढणाऱ्या नकलांचा संग्रह केला होता. त्यातल्या एका नकलेचा क्रम १९९० मध्ये वाचून झाला तेव्हा ती धाकट्या एचएसपीची निघाली. तेच जनुक उष्णतेनेही जागं व्हायचं आणि पिकण्यानेही. २००५ मध्ये इस्राएलच्या गटाने एचएसपी-२१ ची दुहेरी नोकरी दाखवली. पानात ती हरितलवकातल्या प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेला ऑक्सिडेशनच्या ताणात सांभाळते. फळात ती हरितलवकाचं रंगलवकात रूपांतर व्हायला हातभार लावते. ती जास्त बनवणाऱ्या झाडांची फळं लवकर रंगली.

पिकण्याकडे जरा पेशीच्या बाजूने बघा. हिरवं मोडून लाल उभारायचं. भिंती सैल करायच्या. आंबट-तुरट संपवून साखर आणायची. अर्धं घर पाडून त्याच घरात राहत नवं बांधायचं, असं हे काम. प्रथिनांच्या घड्या सुटतात, नव्या घालाव्या लागतात. अशा धामधुमीत पाठराखिणी लागणारच. उन्हाचा ताण बाहेरून येतो आणि पिकण्याचा आतून, इतकाच फरक.

पण हा दुसरा हुकूम देतो कोण? फळात एथिलीन वायू तयार होतो आणि रिन नावाचं प्रथिन पिकण्याच्या जनुकांच्या दारावर जाऊन बसतं. रिन बिघडलेल्या टोमॅटोला महिनोन्‌महिने लाल रंग चढत नाही. २०१७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात गंमत निघाली. सहाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसलेली तीन धाकटी जनुकं पक्व हिरव्या फळात आधीपासूनच चालू होती. एथिलीन दिलं तेव्हा ती दबली. एथिलीनचा कान बंद करणारं रसायन दिलं तर दबायची थांबली. आणि ज्या फळात रिनच बिघडलं होतं, तिथे एथिलीन देऊनही ती गप्प झाली नाहीत. म्हणजे पिकताना एका पाठराखिणीला आत बोलावलं जातं, तर उंबरठ्यावरच तिघींना रिन जरा बाजूला बसा म्हणतं.

टोमॅटोचा सगळा जनुकसंच २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा गुणसूत्रांपैकी पाचवं वाचायचं काम भारतातल्या संस्थांच्या वाट्याला आलं होतं. या तिघी सहाव्यावर, म्हणजे आपल्या अगदी शेजारच्या घरात, असं मी मुलांना सांगते. ओंकार हसत नाही. तो विचारतो, "मग मे महिन्यात दोन्ही हुकूम एकदम आले तर?"

तोच माझा प्रश्न आहे. वरून ऊन, आतून पिकणं, एकाच सालीत, एकाच दुपारी. दुपारी दोनच्या बावीस पुड्या त्यासाठीच फ्रीजरमध्ये आहेत.

८.४५

घरी. आईने टोमॅटोचं सार केलंय. आबांचा फोन पुन्हा: पाला काढायचं थांबवलंय, तीन क्रेट गोठ्याच्या सावलीत पसरून ठेवलेत, बघू. "चार दिवसांनी सांगतो," म्हणतात. शेतकऱ्याला आणि मला धीर सारखाच लागतो.

दात घासताना सानिकाचा प्रश्न आठवतो. हो, नाव चुकीचंच आहे. उष्णता ही फक्त पहिली भेट होती. ही प्रथिनं उलथापालथीची आहेत, मग ती वरून आलेली असो की आतून. आणि त्यांच्या कारभारात चालू करण्याइतकंच वेळेवर आवरणंही आहे. उन्हात तो हुकूम त्या स्वतः आवरतात, पिकताना रिन.

वाचणाऱ्याने यातलं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, एवढं करा. बाजारातून आणलेले कच्चट, पिवळट टोमॅटो घरात येताच फ्रीजमध्ये टाकू नका. टोपलीत, ओट्यापासून लांब, सावलीत पसरून ठेवा. तोडलं तरी ते फळ जिवंत आहे आणि आत अजून काम चालू आहे.